खोल्या तीन, भाडं एक

मुलगा किंवा मुलगी शिकायला, नोकरीला परगावी गेली की घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. जेवणाची सोय काय, पाणी किती वेळ येतं, घरमालक बरा आहे ना, स्टेशन किती लांब. सोबत राहणाऱ्या मैत्रिणी कुठल्या, हेही आपण आवर्जून विचारतो. पण या मैत्रिणी आपसांत भाडं कसं वाटून घेतात, हे क्वचितच कुणी विचारतं. त्यात विचारायचं काय? तिघी आहेत, तीन भाग करायचे, असं आपण धरून चालतो. आणि कुरबुर सुरू होते ती नेमकी तिथून.

हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. मेडिकल, कृषी, बँका, रेल्वे, सगळ्यांच्या परीक्षा देशभरासाठी एकच असतात. गुणांच्या यादीत नाव कुठे येईल त्यावर गाव ठरतं. माझी भाची सांगलीची, पण पदव्युत्तर शिक्षणासाठी तिला जागा मिळाली ती झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजात. तिच्यासोबत घर घेतलेल्या दोघीही महाराष्ट्रातल्याच. एक अमरावतीकडची, २०१४ साली सुरू झालेल्या राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठात शिकते. दुसरी नाशिकची, बँकेत अधिकारी आहे. मराठी माणसाला झाशी काही नवी नाही. पेणजवळच्या वरसईहून निघालेले गोडसे भटजी १८५८ च्या वेढ्यात तिथेच होते आणि त्यांनी ते सारं लिहून ठेवलं. आजच्या मुलींना तोफांचा धाक नाही, पण परक्या गावात एकट्या मुलींना घर मिळणं आजही सोपं नसतं. मिळालेलं घर आपसांतल्या भांडणाने गेलं तर वर्षाच्या मध्यावर दुसरं शोधायचं कुठून?

यांना घर मिळालं सिव्हिल लाइन्सच्या बाजूला, महिना १२,००० रुपये भाड्याचं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, बसायची छोटी जागा, आणि वर गच्चीवर एक खोली. मोठी खोली १८० चौरस फुटांची. तिला स्वतंत्र न्हाणीघर आणि बाल्कनी. मधली जेमतेम १०० चौरस फुटांची, पण तिला कूलर बसवता येईल अशी खिडकी, आणि भिंतीला ऊन लागत नाही. गच्चीवरची १२० फुटांची, सुटी, शांत. मात्र झाशी म्हणजे दगडी मुलूख. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो. गच्चीवरच्या खोलीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत निवत नाही.

पहिल्या महिन्यात तिघींनी चार-चार हजार काढले. बँकेतली आधी पोहोचली होती, घर तिनेच शोधलं होतं, त्यामुळे तिची बॅग मोठ्या खोलीत गेली. भाचीच्या वाट्याला गच्ची आली. जुलै-ऑगस्टपर्यंत सगळं गोड होतं. मग एकदा गॅसच्या सिलिंडरवरून बोलणं निघालं आणि सिलिंडर बाजूला राहून खोल्यांवर आलं. "आम्ही तुझ्या बाल्कनीचं भाडं भरतोय," असं कुणीतरी म्हणालं. पुढचे चार दिवस तिघी वेगवेगळ्या वेळी जेवल्या.

भाचीचा फोन आला. "मावशी, भागिले तीन केलं तर काय चुकलं गं?"

चुकलं एवढंच, की तीन समान वाटे तेव्हाच न्याय्य, जेव्हा वाटून घ्यायची वस्तू तिघींना सारखी मिळते. आपल्या गिरणगावात हेच चालायचं. कोकणातल्या एकेका गावाची मुंबईत एक खोली असे, गोवेकरांचे कूड असत. पाळीप्रमाणे माणसं झोपत, उठत. प्रत्येकाला मिळायची ती वळकटी पसरण्यापुरती जागा आणि ट्रंक ठेवायला कोपरा. तिथे माणशी सारखी वर्गणी हाच सरळ हिशेब होता, कारण कुणालाच बाल्कनी नव्हती. स्वतंत्र खोल्या आल्या, त्या लहानमोठ्या झाल्या आणि तो हिशेब संपला.

फूटपट्टीचा मोह

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे टेप घेऊन खोल्या मोजणं. बँकेतलीने तेही करून पाहिलं, आकडेमोडीची सवय ना! एकूण ४०० चौरस फूट, भाडं १२,०००, म्हणजे फुटाला ३० रुपये. मोठ्या खोलीचे ५,४००, मधलीचे ३,०००, गच्चीवरचीचे ३,६००. कागदावर अगदी चोख. पण हा कागद घेऊन मे महिन्यात झाशीच्या त्या गच्चीवर उभं राहून पाहा. भट्टीसारख्या खोलीचे ३,६०० आणि खालच्या थंड खोलीचे ३,०००? या दराने तिघींनाही मधलीच खोली हवी झाली. समान वाट्यात तिघींचा डोळा मोठ्या खोलीवर होता, फुटांच्या हिशेबात तो मधलीवर गेला. भांडण तसंच राहिलं, फक्त त्याची जागा बदलली.

टेपला ऊन कळत नाही. शेजारच्या जनरेटरचा आवाज, सकाळी सातला न्हाणीघरापुढे थांबावं लागणं, रात्री उशिरा आल्यावर दुसरीची झोप न मोडता आपल्या खोलीत शिरता येणं, यांतलं काहीच चौरस फुटांत मावत नाही. शिवाय यातली एकही गोष्ट तिघींना सारखी महत्त्वाची नसते, आणि खरी मेख तीच आहे. खोलीची किंमत भिंतींत नसते, राहणारीच्या गरजेत असते. माझी भाची दिवसभर वॉर्डात असते. तिला रात्री दिवा लावून एकटीने वाचायचं असतं. दुपारी स्लॅब तापला काय नि न तापला काय, आणि फारच उकडलं तर अंथरूण उघड्या गच्चीवर टाकता येतं. बँकेतलीला शनिवार-रविवार घरी काढायचे असतात, तिला बाल्कनी आणि स्वतंत्र न्हाणीघर जिवापाड प्रिय. कृषी विद्यापीठातली दुपारी घरी बसून लिहिते, तिला गारवा हवा.

बुंदेलखंडाला ही रीत ठाऊक होती म्हणायला हरकत नाही. १७२९ साली पहिला बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावून गेला, आणि १७३१ मध्ये छत्रसाल वारला तेव्हा दोन मुलांच्या जोडीने बाजीरावालाही तिसरा मुलगा मानून राज्याचा वाटा दिला गेला. मराठ्यांचा त्या मुलखात पाय रोवला गेला तो या वाटणीने. ते वाटे कोसांत मोजलेले नव्हते. कोणत्या परगण्याचा महसूल किती, हे पाहून घातलेले होते. नापीक डोंगर आणि काळी जमीन एकाच दोरीने मोजायचं नसतं, हे त्या काळच्या कारभाऱ्यांनाही कळत होतं.

तीन चिठ्ठ्या

आपल्याकडे दोन भावांत वाटणी करायची तर मोठ्याने वाटे घालावेत आणि धाकट्याने आधी उचलावा, अशी जुनी पद्धत अनेक घरांत होती. वाटे घालणारा मग आपसूकच काटेकोर राहतो. दोघींचं घर असेल तर भाड्यालाही हेच करा. एकीने दोन खोल्यांचं भाडं ठरवावं, दुसरीने खोली निवडावी. तिघी झाल्या की मात्र ही युक्ती पुरत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडचा गणिती ह्यूगो स्टाइनहाउस याने हाच प्रश्न हाती घेतला, दोनांहून जास्त माणसांत वाटणी कशी करावी म्हणजे कुणालाच आपण फसलो असं वाटणार नाही. त्याचा लेख १९४८ साली छापून आला. त्यातून पुढे गणिताची एक शाखाच उभी राहिली. १९९९ मध्ये अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक फ्रान्सिस सू यांनी तर थेट घरभाड्यावरच लेख लिहिला. निमित्त होतं असमान खोल्यांचं घर घेणाऱ्या त्यांच्या एका मित्राची अडचण. त्यांनी दाखवून दिलं की खोल्या कशाही असल्या, तरी भाड्याचे असे आकडे सापडू शकतात की प्रत्येकाला वेगळी खोली हवीशी वाटेल आणि कुणालाही दुसऱ्याचा हेवा वाटणार नाही. अट साधीच आहे: फुकट मिळणारी खोली सोडून पैसे भरायच्या खोलीत जावं, असं कुणाला वाटू नये.

गणिताचं नाव काढल्यावर घाबरू नका. घरी करायची कृती भाजीच्या हिशेबाइतकीच सोपी आहे. मी भाचीला सांगितली ती अशी. तिघींनी वेगवेगळं बसून, एकमेकींना न दाखवता, चिठ्ठीवर तिन्ही खोल्यांपुढे आपल्या मते त्यांचं भाडं लिहायचं. तिन्ही आकड्यांची बेरीज मात्र १२,००० च आली पाहिजे. मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या.

बँकेतलीने लिहिलं: मोठी ५,६००, मधली ३,८००, गच्ची २,६००.
कृषीवालीने: मोठी ४,६००, मधली ४,४००, गच्ची ३,०००.
भाचीने: मोठी ४,५००, मधली ४,०००, गच्ची ३,५००.

आता खोल्या अशा द्यायच्या की ज्या खोलीला जी जास्त मानते तिला ती मिळावी, आणि तिघींच्या आकड्यांची एकूण बेरीज जास्तीत जास्त व्हावी. इथे ते उघडच दिसतं. मोठी बँकेतलीला ५,६००, मधली कृषीवालीला ४,४००, गच्ची भाचीला ३,५००. बेरीज १३,५००. घरमालकाला द्यायचेत १२,०००. वर राहिले १,५००. ते तिघींत सारखे वाटायचे, म्हणजे प्रत्येकीच्या आकड्यातून ५०० वजा. भाडं ठरलं: ५,१००, ३,९०० आणि ३,०००. बेरीज करून पाहा, बरोबर १२,०००.

प्रत्येकीला तिने स्वतः लिहिलेल्या किमतीपेक्षा ५०० रुपये कमी पडले. आणि दुसरीच्या खोलीकडे पाहिलं तर? भाचीने मोठ्या खोलीला ४,५०० मानले होते, ती आता ५,१०० ना आहे, तिला नको. मधली तिच्या मते ४,००० ची, पडतेय ३,९०० ना. फायदा फक्त १००. गच्चीवर तिला ५०० चा फायदा आहे, तेव्हा ती तिथेच बरी. बाकी दोघींचंही असंच तपासून पाहा, कुणालाच खोली बदलावीशी वाटत नाही. एवढी पारख शेवटी करायचीच, कारण वरची रक्कम सारखी वाटल्यावर प्रत्येक वेळी हिशेब इतका सुरळीत जमतोच असं नाही. एखादीला दुसरीची खोली तरीही बरी वाटली, तर त्या दोन खोल्यांच्या आकड्यांत शंभर-दोनशेची सरकवासरकव करावी लागते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांनी २०१४ साली हाच हिशेब लोकांसाठी संगणकावर करून ठेवला होता. पण तीन खोल्यांना कागद-पेन्सिल पुरते.

चिठ्ठ्यांचा कंटाळा असेल तर बोलूनही जमतं. चार-चार हजारांपासून सुरुवात करा. प्रत्येकीने सांगायचं, या दरात मला कोणती खोली हवी. सगळ्या जिच्यावर तुटून पडतील तिचं भाडं वाढवा, जिला कुणी विचारत नाही तिचं तेवढंच उतरवा, एकूण बारा हजार राखून. तिघी तीन वेगळ्या खोल्या सांगतील तिथे थांबा. मी या तिघींच्याच आकड्यांवर हे करून पाहिलं तेव्हा ४,८००, ३,९०० आणि ३,३०० वर गाडी थांबली. चिठ्ठ्यांपेक्षा वेगळा आकडा, पण हेवा याही वाटणीत नाही. न्याय्य भाडं म्हणजे एकच एक आकडा नसतो. थोडी मोकळी जागा असते, आणि तीत कुठे थांबायचं हे मैत्रिणींनी ठरवावं.

लबाडीला वाव आहे का? आहे. दुसरीने काय लिहिलंय हे कळलं तर आपला आकडा मुद्दाम खाली लिहिता येतो. म्हणून चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. पण आपली खरी आवड लपवणारीची चाल उलटूही शकते. मोठी खोली मनातून हवी असून बँकेतलीने ४,००० च लिहिले असते, तर ती खोली दुसरीकडे गेली असती.

पगार, शोधाशोध आणि कूलर

आता माझ्या बहिणीचं म्हणणं. "बँकेतल्या मुलीला पगार आहे, बाकी दोघी शिकतायत. तिनेच जास्त भरायला नको का?" हा प्रश्न अनेक आयांच्या मनात येतो. मला तो पटत नाही. भाडं हा काही आयकर नव्हे. पगार पाहून खोलीचं भाडं लावलं, तर बढती मिळाली की बाल्कनी तीच राहून भाडं वाढायचं, आणि मैत्रिणी एकमेकींच्या पगाराच्या चिठ्ठ्या पाहायला लागायच्या. वरच्या रीतीत पैशाची ओढ असलेली मुलगी महागड्या खोलीला आपोआपच कमी आकडा लिहिते आणि स्वस्त खोली तिच्याकडे येते. त्याउपर कुणाला मैत्रिणीची अडचण भागवायची असेल तर जरूर भागवावी. सिलिंडर एकदा जास्त भरावा, गावाहून येताना फराळाचा मोठा डबा आणावा. पण ती मदत म्हणूनच असावी. भाड्यात मिसळली की देणारीला ती उपकार वाटते आणि घेणारीला हक्क.

"घर मी शोधलं" याचीही किंमत असते, पण एकदाच. दलालाचे पैसे वाचले असतील तर त्यातला वाटा तिला द्या. त्या जोरावर दोन वर्षं बाल्कनी मिळत नाही.

पाळीपाळीने खोल्या बदलाव्यात, असं कृषीवालीने सुचवलं होतं. ऐकायला छान आहे. पण चार-चार महिन्यांनी गाद्या-पुस्तकं हलवायची, आणि उन्हाळा ज्याच्या पाळीत येईल त्याचं काय? गच्चीवरची खोली जानेवारीच्या उन्हात राजवाडा असते. सगळे महिने सारखे नसतात, म्हणून पाळ्याही सारख्या नसतात. त्यापेक्षा वर्षाचा करार संपला की चिठ्ठ्या नव्याने घालाव्यात. मध्येच कुणी सोडून गेली तर तिच्या खोलीचं भाडं तेच राहील, आणि निदान महिनाभर आधी सांगायचं, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावं.

लिहून ठेवण्यावरून आठवलं. उत्तर प्रदेशात २०२१ च्या कायद्याने भाड्याचा करार लेखी असणं आवश्यक केलं आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंतच घेता येईल, असं बंधन घातलं. करारावर तिघींचीही नावं असावीत. एकाच मुलीच्या नावावर घर असलं की तीच जबाबदार आणि तीच मालकीण होऊन बसते. आपसांतल्या वाटणीशी घरमालकाला कर्तव्य नसतं. त्याला बारा हजार पोहोचले पाहिजेत. म्हणून आपला कागद वेगळा, चार ओळींचा, तिघींच्या सह्यांचा. अनामतही भाड्याच्याच प्रमाणात भरावी: २४,००० असेल तर १०,२००, ७,८०० आणि ६,०००. परत घेताना मग वाद नको.

स्वयंपाकघर, बसायची जागा, पाणी, झाडणारी बाई हे तिघींना सारखंच मिळतं, तेव्हा त्याचे खर्च माणशी सारखे. एका खोलीत दोघी राहत असतील तर खोलीचं भाडं दोघींत अर्धं होईल, पण हे सामाईक खर्च डोकीप्रमाणेच राहतील. अशा जोडीने घर घेताना लोक नेमकं हेच विसरतात आणि एकटी राहणारी मनात कुढत बसते.

राहिलं विजेचं बिल. ते भाड्यात कधीही घालू नका. उत्तरेच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसरात्र चालतो. कुणी वातानुकूलन यंत्र बसवलं तर बिलाचा आकडाच बदलतो. शे-दोनशे रुपयांत नव्हे, पण एकदाच थोडे पैसे घालून प्रत्येक खोलीला वेगळा छोटा मीटर लावून घेता येतो. घरमालकाने परवानगी दिली तर तेवढं कराच.

झाशीत सप्टेंबरपासून नवे आकडे लागू झाले. गच्चीवरून भाची हलली नाही. महिन्याला वाचलेल्या हजार रुपयांतून तिने पहिल्यांदा काय घेतलं असेल, तर हिरव्या जाळीचं कापड. कृषीवालीने ते गच्चीवर बांबूंना ताणून बांधून दिलं, आणि दुधी भोपळ्याचा वेल वर चढवायला आळंही करून दिलं. वेल दाट होऊन स्लॅबवर सावली धरेल तेव्हा खोलीची किंमत वाढेल की काय, हा वाद त्यांनी पुढच्या करारापर्यंत राखून ठेवला आहे.